मदत हवी आहे: एल्कच्या शिकारीसाठी राखीव रायफल घ्यायची आहे, स्कोप कोणता बसवू?

नमस्कार मंडळी,

मी कोलोरॅडोत राहतो. दरवर्षी ऑक्टोबर सरता सरता एल्कच्या (इथल्या मोठ्या हरणाच्या) मागावर फ्लॅट टॉप्सच्या रानात जातो. माझ्याकडे एकच रायफल आहे: टिक्का टी३एक्स लाइट, .३०-०६ काडतुसाची, वर ३.५-१०x४० स्कोप (साडेतीन ते दहा पट मोठं दाखवणारी, ४० मिलिमीटर भिंगाची नेमाची दुर्बीण). तिच्याबद्दल तक्रार नाही. थंड नळीतली पहिली गोळी जिथे जायला हवी तिथेच जाते, आणि शिकारीत तीच महत्त्वाची. तरी यंदा दुसरी घ्यायची म्हणतोय, त्याला कारण गेल्या मोसमात आमच्या तळावर घडलेला प्रकार.

आमच्यातल्या एका मित्राचा सामानाचा घोडा ओढा ओलांडताना घसरून बसला आणि खोगिराला अडकवलेली रायफल त्याच्या अंगाखाली आली. नळी, दस्ता, बोल्ट सगळं शाबूत. पण शंभर यार्डांवर कागद लावून पाहिलं तर गोळ्या फूटभर विखुरल्या. स्कोपच्या आतलंच काहीतरी निसटलं होतं. गाडीपर्यंत अर्ध्या दिवसाची चाल, तिथून पुढे मीकर गाव, आणि परवाना त्या मोसमापुरताच. मग उरलेले दिवस त्याने हातातल्या दुर्बिणीने आमच्यासाठी कळप शोधून दिले, स्वतः एकही गोळी झाडली नाही. मला त्याचा फार आदर वाटला. गोळी कुठे जाईल याची खात्री नसेल तर तीनशे किलोच्या जिवंत जनावरावर रायफल रोखायची नसते.

म्हणून तळावर एक राखीव रायफल असावी असं वाटतं. रायफल, स्कोप, तो रायफलवर धरून ठेवणाऱ्या रिंगा मिळून बजेट १५०० डॉलर. प्रश्न असे:

काडतूस तेच .३०-०६ ठेवू की .३०८ घेऊ? गोळीचा व्यास दोन्हींत सारखाच. .३०८ चा धक्का जरा कमी, आणि खेड्यातल्या हार्डवेअरच्या दुकानातसुद्धा त्याचे डबे मिळतात. पण तळावर दोन प्रकारची काडतुसं आली की अंधारात, गारठलेल्या बोटांनी खिशातून भलतंच बाहेर येण्याची भीती मला वाटते.

दुसरं, पैसे कसे वाटू? रुगर अमेरिकनसारखी स्वस्त रायफल घेऊन स्कोपवर जास्त खर्च करू, की दुसरी टिक्काच घेऊन वर साधा ३-९x४० बसवू? टिक्काचा बोल्ट, सेफ्टी, ट्रिगर हाताला पाठ झालेत.

तिसरं स्कोपचं. आमच्याकडे कायद्याने सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत गोळी झाडता येते, आणि एल्क नेमका त्या दोन कडांवरच उघड्यावर येतो. अस्पेनच्या झाडीत साठ यार्डांवरही दिसतो आणि समोरच्या कुरणात तीनशेवरही. त्यापलीकडे मी मारत नाही. फर्स्ट फोकल प्लेनचे (मोठेपणाबरोबर आतल्या नेमाच्या रेघाही लहान-मोठ्या होणारे), अंतराप्रमाणे डायल फिरवायचे मोठे स्कोप घ्यावेत असं सगळीकडे सांगतात. मला त्यांची गरज आहे का?

आणखी एक. बायकोने नुकताच हंटर एज्युकेशनचा कोर्स पूर्ण केला. तिला म्यूल डियर हरणाचा परवाना काढायचा आहे. ही दुसरी रायफल तिलाही वापरता आली तर बरं.

प्रतिसाद: डोंगरवाट

तुमच्या शेवटच्या परिच्छेदाने वरचा सगळा हिशेब बदलला. दुसऱ्या आणि तिसऱ्या रायफल सीझनला डियर आणि एल्क दोन्ही चालू असतात, म्हणजे वहिनी तुमच्याच तळावर, त्याच दिवसांत. रायफल त्यांच्या खांद्यावर असेल तर तुमच्यासाठी राखीव काय राहिलं? त्यांच्यासाठी रायफल जरूर घ्या, पण ती त्यांचीच समजा. तुमचा राखीवचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवा.

तुमच्या मित्राचं काय बिघडलं ते परत वाचा. रायफल ठणठणीत होती, स्कोप गेला. मी मोंटानात बरीच वर्षं शिकार करतोय आणि जे पाहिलंय त्यात बोल्ट अॅक्शन रायफल क्वचितच दगा देते. निकामी होतो तो स्कोप, सैल होतात रिंगांचे स्क्रू. म्हणून राखीव हवा तो स्कोप. रायफलवर पिकाटिनी रेल (स्कोप बसवायची खाचांची पट्टी) लावा. दुसरा, हलका स्कोप चटकन काढता-लावता येणाऱ्या रिंगांमध्ये बसवून, त्याच रायफलवर, त्याच काडतुसांनी झिरो करून, म्हणजे गोळी नेमावरच पडेल असा जुळवून, ठेवा. रेलवरच्या कोणत्या खाचेत बसवला ते टेपवर लिहून स्कोपला चिकटवा. मग तो मोज्यात गुंडाळून सामानात जातो, वजन पाऊण किलोच्या आत. तळावर वेळ आली तर बदला, रिंग पुढे रेलला टेकवून घट्ट करा आणि कागदावर तीन गोळ्या मारून खात्री करा. ती खात्री न करता मात्र जनावरावर जाऊ नका.

प्रतिसाद: जुना पारधी

डोंगरवाट यांच्याशी सहमत. फक्त सुटा स्कोप घोड्याच्या अपघातात कामाला येतो, रायफल ओढ्यात वाहून गेली तर नाही. पण घरात दोन रायफली होणारच आहेत, तर निदान एकाच काडतुसाच्या घ्या. वहिनींना .३०८ सोयीची वाटत असेल तर तीच घ्या आणि तळावर दोन रंगांच्या पट्ट्यांत, दोन वेगळ्या पिशव्यांत काडतुसं ठेवा. ज्याची रायफल त्याच्याच अंगावर त्याची काडतुसं. हा नियम आमच्या तळावर कुणी मोडत नाही.

आता स्कोप. संधिप्रकाशात किती दिसेल याचा हिशेब साधा आहे: पुढच्या भिंगाचा व्यास भागिले मोठेपणा. ४० मिलिमीटरचं भिंग ९ पटीवर ठेवलंत तर डोळ्यापर्यंत येणारा प्रकाशाचा झोत ४.४ मिलिमीटरचा. ६ पटीवर आणलात तर ६.७. अंधारात तरुण माणसाची बाहुली सातेक मिलिमीटर उघडते, वय वाढलं की कमी. म्हणजे ५० मिलिमीटरचं जड भिंग विकत घेण्याआधी ४० चाच स्कोप ६ पटीवर आणून बघा. बहुतेकांचं काम तिथेच होतं. वर मोठं भिंग म्हटलं की स्कोप उंच बसतो आणि गाल दस्त्यावरून उचलावा लागतो.

फर्स्ट फोकल प्लेनबद्दल विचारलंत. त्यात मोठेपणा कमी केला की रेटिकलच्या, म्हणजे नेमाच्या फुलीच्या, रेघाही बारीक होतात. अस्पेनच्या झाडीत, ४ पटीवर, तिन्हीसांजेला त्या रेघा मला दिसेनाशा होतात. ज्याला सहाशे-सातशे यार्डांवर वाऱ्याचा हिशेब रेटिकलवरच करायचा आहे त्याच्यासाठी ते उत्तम. तुमची मर्यादा तीनशे आहे. दोनशेवर झिरो करा. १६५ ग्रेन वजनाची गोळी २७०० ते २८०० फूट प्रतिसेकंद वेगाने सुटत असेल तर शंभरवर दीड-दोन इंच वर आणि तीनशेवर आठेक इंच खाली जाते. एल्कच्या छातीचा पट्टा एवढा मोठा आहे की नेम छातीच्या मध्यापेक्षा थोडा वर, पण पाठीच्या रेषेच्या खालीच धरला तरी गोळी जिवावर बसते. त्यासाठी डायल कशाला? सेकंड फोकल प्लेनचा (रेघा सगळ्या पटींवर सारख्याच दिसणारा), ठळक ड्युप्लेक्स रेटिकलचा (रेघा कडेला जाड, मध्ये बारीक), झाकणबंद टरेटचा (नेम जुळवायच्या डायलवर झाकण असलेला) ३-९x४० घ्या.

उरलेले पैसे भिंगाच्या चकाकीवर घालवू नका, टिकाऊपणावर घाला. नवा स्कोप बसवल्यावर मी चौकोन मारून पाहतो: तीन गोळ्या मध्ये, मग डायल १० एमओए (एक एमओए म्हणजे शंभर यार्डांवर साधारण एक इंच) उजवीकडे, १० वर, १० डावीकडे, १० खाली, आणि पुन्हा तीन. शेवटच्या तीन पहिल्या तिन्हींवर पडल्या नाहीत तर स्कोप दुकानात परत. आणि टॉर्क स्क्रू ड्रायव्हर (ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळणारा) घ्याच. बहुतेक रिंगांना १५ ते १८ इंच-पाउंड पुरे होतात. हाताच्या अंदाजाने आवळल्यावर नळकांड्यावर वळ उठलेले स्कोप मी किती पाहिलेत.

प्रतिसाद: रेंजवरची

मी पुण्यात ५० मीटर प्रोनला (पालथं झोपून नेमबाजी) रायफल चालवते. आमच्या खेळात दुर्बिणीचा स्कोप चालतच नाही, मागे बारीक भोक आणि पुढे कडं. त्यामुळे ब्रँडबद्दल मी बोलणार नाही. २०२४ ला पॅरिसमध्ये आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेंनी ५० मीटर थ्री पोझिशनला कांस्य मिळवलं तेही अशाच साइटवर.

मला ताईंबद्दल सांगायचंय. दस्त्याची लांबी नवऱ्याच्या मापाची असेल तर त्या कधीच नीट मारणार नाहीत. गाल दस्त्यावर टेकला की मान न ताणता डोळा आपोआप स्कोपच्या मधोमध यायला हवा. हे दुकानात, गोळी न झाडता तपासता येतं: डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, गाल टेकवायचा, मग डोळे उघडायचे. कडेला काळी सावली दिसली तर दस्ता किंवा रिंगेची उंची चुकली आहे. जाड जॅकेट घालून तपासा, थंडीत तेच अंगावर असणार. घरी मोकळ्या रायफलवर रोज दहा मिनिटं कोरडा सराव करा, खोलीत काडतुसं ठेवायचीच नाहीत. आणि कृपया ताईंना दुकानात बरोबर न्या, त्यांच्यासाठी तुम्ही निवडू नका.

प्रतिसाद: नवा गडी

थोडं अवांतर विचारतो. मी एच-१बी वर आहे, डेन्व्हरजवळ राहतो. मला रायफल विकत घेता येईल का? ऑफिसातला एकजण म्हणाला, अजिबात नाही.

धागाकर्ता:

नवा गडी, अजिबात नाही असं नाही, पण सावध राहा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला बंदी आहे. त्याला जे अपवाद आहेत त्यातला एक म्हणजे कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरताना हा प्रश्न येतो आणि परवाना दाखवावा लागतो. परवान्याची मुदत संपली आणि रायफल घरातच राहिली, तर पुढे व्हिसा आणि ग्रीन कार्डापर्यंत त्रास जाऊ शकतो. म्हणून खरेदीच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचाराच. मी ग्रीन कार्ड आल्यावरच पहिली रायफल घेतली. मित्राची रायफल रेंजवर हातात घेण्याआधीसुद्धा हाच नियम लक्षात ठेवा. कोलोरॅडोत २०२३ च्या ऑक्टोबरपासून दुकानदाराने पार्श्वभूमी तपासणी सुरू केल्यापासून किमान तीन दिवस थांबावं लागतं, म्हणजे मोसमाच्या आदल्या आठवड्यावर काही ठेवू नका.

बाकी सगळ्यांचे मनापासून आभार. डोंगरवाट, तुमचं म्हणणं पटलं. काल आम्ही दोघं दुकानात गेलो. रेंजवरची यांनी सांगितलेली डोळे मिटायची युक्ती बायकोने चार रायफलींवर करून पाहिली. माझ्या मनात असलेली रुगर तिला लांब पडली. टिक्काच्या कॉम्पॅक्ट मॉडेलवर गाल टेकल्याबरोबर तिला पूर्ण गोल दिसला. ते .३०८ मध्ये मिळतंय. कोलोरॅडोत एल्कसाठी किमान .२४ व्यास, ८५ ग्रेनची गोळी आणि शंभर यार्डांवर १००० फूट-पाउंड ऊर्जा लागते. .३०८ त्याच्या खूप वर आहे, त्यामुळे पुढे तिला एल्कचा परवाना मिळाला तरी हीच चालेल. सेफ्टी आणि बोल्ट माझ्या रायफलसारखेच, म्हणजे अडीअडचणीला मलाही ती परकी नाही.

त्यामुळे आता असं ठरतंय: तिच्यासाठी टी३एक्स कॉम्पॅक्ट, त्यावर ठळक ड्युप्लेक्सचा ३-९x४०. आणि माझ्या .३०-०६ साठी रेल आणि दुसरा हलका स्कोप, झिरो करून मोज्यात. बजेट थोडं वर जाईल, पण तळावरची दोन्ही माणसं निर्धास्त राहतील.

एकच अडलंय. टिक्काच्या रिसीव्हरवर मुळातच १७ मिलिमीटरची डव्हटेल खाच आहे आणि सध्या माझ्या रिंगा थेट तिच्यावर बसल्यात. रेल लावला की स्कोप थोडा वर जाणार. जुना पारधी काका, तुम्ही गालाबद्दल लिहिलंत म्हणून विचारतो: एवढ्या फरकाला दस्त्यावर गालाची पट्टी बांधून भागतं, की कमी उंचीच्या रिंगा शोधू? ४० मिलिमीटरचं भिंग नळीला टेकणार नाही इतकी जागा राहिली पाहिजे. तुमच्यापैकी कुणी टी३एक्सवर रेल लावून कमी उंचीच्या रिंगा वापरल्या असतील तर माप कळवा. त्याशिवाय रिंगांची ऑर्डर देत नाही.