तेल गळतंय म्हणून थेट इंजिन बांधायचं? आधी ब्रीदर तरी उघडून बघा!

जुनी_आठशे (नाशिक)
परवा इथे एका महाशयांनी लिहिलं: 'पंधरा वर्षांपुढच्या गाडीचं तेल गळायला लागलं की इंजिन बांधा (म्हणजे सगळं खोलून नव्याने जुळवा), नाहीतर भंगारात द्या. ब्रीदर साफ करणं म्हणजे मढ्याला मालिश.' त्यावर अंगठ्यांचा पाऊस. माझं डोकं सटकलं, म्हणून सविस्तर लिहितोय. ब्रीदर म्हणजे इंजिनाच्या पोटातला गॅस बाहेर जाऊ देणारी नळी.

माझी १९९७ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली. मागच्या पावसाळ्यात इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यातून ठिबकायला लागली. पार्किंगमध्ये रोज बशीएवढा डाग, आणि सेक्रेटरी त्या डागाचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकणार. मिस्त्री म्हणाला, मागचं क्रँक सील, म्हणजे तेल अडवणारं रबर, गेलंय, गिअरबॉक्स उतरवायला लागेल, 'उतरवतोच आहोत तर' पिस्टनच्या रिंगा पण टाकू. आकडा पस्तीस हजार. मी फक्त सील बदललं. दोन महिन्यांत पुन्हा डाग!

एक दिवस तेल मोजायची डिपस्टिक आपोआप अर्धा इंच वर आलेली दिसली आणि ट्यूब पेटली. इंजिनाच्या डोक्यावरच्या टॅपेट कव्हरवरून एअर फिल्टरच्या डब्याकडे जाणारा रबरी पाइप काढला. आत निव्वळ डांबर. फुंकून गाल दुखले, पण हवा पलीकडे जाईना. रिंगांमधून खाली उतरलेला गॅस मग जाणार कुठे? सापडेल त्या सीलमधून तेल घेऊन बाहेर. कव्हरची नळी रॉकेलने धुतली, पाइप नवीन घातला. दीडशे रुपये. सील तेच आहे, आणि चार महिने फरशी कोरडी आहे.

पाना_बारा_तेरा
ते महाशय मीच. बावीस वर्षं गॅरेज चालवतोय. काका, ब्रीदर कशामुळे तुंबला, हे विचारलंत का स्वतःला? रिंगा झिजल्या, गॅस वाढला, म्हणून तुंबला. तुम्ही गटाराचं झाकण उघडून वास घालवलात, गटार तसंच आहे. सहा महिन्यांनी एअर फिल्टर तेलाने निथळेल तेव्हा बोलू. आणि घरचे प्रयोग? एकाने पाइप तारेने खरवडला, आतला थर सुटून तुकडा कार्बोरेटरच्या तोंडाशी अडकला. गाडी टो करून माझ्याकडेच आली.

जुनी_आठशे (नाशिक)
तार घाला असं मी कुठे लिहिलंय? आणि दर वेळी रिंगाच कशा? माझी गाडी रोज दोन किलोमीटर जाते, भाजी मंडईपर्यंत. इंजिन तापतच नाही, आतली वाफ आतच थिजते. ऑइल कॅपखाली तेल-पाण्याचं पिवळं श्रीखंड धरलं होतं, तेच ब्रीदरही तुंबवतं. रिंगांचा संशय असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेजने बघा, मग प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा बघा. आकडा वर गेला तर रिंगा, नाहीतर नाही. माझ्या मिस्त्रीने गेज हातातही घेतला नव्हता.

फियाटच_बरी (दादर)
तुम्ही दोघंही मूळ रोग विसरताय. पाइप खराब होतात त्या पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलमुळे! माझ्या पद्मिनीचे पेट्रोलचे रबरी पाइप वर्षात दोनदा बदलले. आधी दहा-दहा वर्षं टिकायचे. अ‍ॅव्हरेज पण पडलं. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातच जुन्या चारचाकींसाठी ६-७ टक्के घट लिहिली आहे. पंपावर साधं पेट्रोल मागायची सोयच ठेवली नाही.

जुनी_आठशे (नाशिक)
साहेब, ब्रीदरच्या पाइपातून पेट्रोल वाहत नाही. इथेनॉलसाठी वेगळा धागा काढा.

ऊसवाला_कोल्हापूर
काढूच दे की वेगळा धागा, पण आधी ऐका. तुमच्या पद्मिनीच्या पाइपासाठी आमच्या कारखान्यानं इथेनॉल करायची मळी ओढ्यात सोडायची का? इथेनॉलचे पैसे आले म्हणून आमची उसाची बिलं वेळेत निघायला लागली. डिसेंबर २०२३ला सरकारनं उसाच्या रसापासून इथेनॉल बंद केलं, तवा तुम्ही कुणी बोलला न्हाईत. आणि आता सगळ्यात जास्त इथेनॉल मक्याचं हाय, शिव्या मातर उसाला.

फियाटच_बरी (दादर)
बिलं तुमची निघाली, खिसा माझा फाटला. शिवाय २०२२ला जुन्या गाडीची पुनर्नोंदणी ६०० रुपयांवरून ५,०००वर नेली. जुनी गाडी ठेवणं म्हणजे गुन्हा झालाय.

ऊसवाला_कोल्हापूर
हौसेला मोल नसतंय म्हणं. मग रडताय कशाला राव? माझा ट्रॅक्टर तुमच्या फियाटच्या वयाचा हाय, त्याचा ब्रीदर मी दर हंगामाआधी डिझेलमध्ये बुडवून झटकतो. पोटातली जाळी काळी झाली की कळतंय. त्याला अहवाल लागत न्हाई.

फियाटच_बरी (दादर)
ट्रॅक्टर डिझेलवर चालतो! त्याला इथेनॉलशी काय देणंघेणं? उगाच काहीतरी.

ऊसवाला_कोल्हापूर
ब्रीदरचंच बोलतोय की. धागा कशावर हाय? तुमीच वाट सोडलीसा.

पाना_बारा_तेरा
ट्रॅक्टरवाले बरोबर बोलले, फक्त एक भर. जाळी असेल तर पूर्ण सुकवून बसवा. ओली बसवून लगेच गाडी चालू केली तर ते डिझेल सरळ आत ओढलं जातं, मग 'धूर येतोय' म्हणून फोन. ज्यांच्या गाडीत पीसीव्ही व्हॉल्व्ह (ब्रीदरच्या वाटेवरची गॅस सोडणारी झडप) आहे त्यांनी तो काढून कानाशी हलवा. खुळखुळला तर जिवंत. आणि पाइप काढून खाली लोंबकळत सोडायचा जुगाड करू नका. धूळ आत जाते, तेलाचा वास केबिनमध्ये येतो.

जुनी_आठशे (नाशिक)
म्हणजे मढ्याला मालिश कशी करायची ते आता तुम्हीच शिकवताय! खरं सांगा, सील बदलायला आलेल्या गाडीचा ब्रीदर तुम्ही उघडून बघता?

पाना_बारा_तेरा
बघतो.
बरं, दरवेळी नाही. शनिवारी अकरा गाड्या उभ्या असतात, गिऱ्हाईक डोक्यावर बसलेलं असतं. पण तुमची गाडी घेऊन या एकदा, कॉम्प्रेशन फुकट बघून देतो. रिंगा गेलेल्या निघाल्या तर इथेच लिहायचं.

जुनी_आठशे (नाशिक)
येतो. चांगल्या निघाल्या तर तुम्ही लिहायचं. चहा पण तुमचाच.

नवीन_मेंबर_ठाणे
मध्येच बोलतोय, माफ करा. आताच खाली जाऊन झेनची ऑइल कॅप उघडली. श्रीखंड आहे, तेही भरपूर. पण रॉकेल हल्ली मिळतं कुठे? रेशन दुकानदार हसला.

ऊसवाला_कोल्हापूर
डिझेल घ्या की बाटलीभर. त्यात अजून ऊस न्हाई.