फ्रेंच हॉर्नचे नामवंत वादक ऐकताना विद्यार्थ्याने नेमके काय ऐकावे?

धरमपेठचा विद्यार्थी

नमस्कार. मी नागपुरात महाविद्यालयात शिकतो आणि गेली दोन वर्षे फ्रेंच हॉर्न हे गोल वळवलेल्या नळीचे पितळी फुंकवाद्य वाजवतो. माझे सर मूळचे ट्रम्पेटवादक आहेत. फुंक, नोटेशन आणि बोटे त्यांनी मनापासून शिकवली, पण हॉर्नचा आवाज कसा असावा हे मला ध्वनिमुद्रणांतूनच शिकावे लागते, कारण नेहमी जाऊन ऐकता येईल असा हॉर्नवादक मला इथे सापडलेला नाही. डेनिस ब्रेन यांनी १९५३ साली कारायान यांच्या संचालनाखाली मुद्रित केलेले मोझार्टचे हॉर्न कॉन्चेर्टो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचना) ऐकले की आवाज हलका आणि सडपातळ असावा असे वाटते. बर्लिन फिलहार्मोनिकचे श्टेफान डोर ऐकले की तो भरदार असावा असे वाटते, आणि व्हिएन्नाचे वादक ऐकले की दोन्ही मते डळमळतात. त्यानंतर स्वतःचे वाद्य हातात घेतले की माझा स्वर मला घोगरा आणि दबलेला वाटतो. मी कोणाचे अनुकरण करावे?

कामठीचा निवृत्त बॅण्डवादक

तुझ्या वयाची मुले माझ्या हाताखाली शिकली आहेत, म्हणून एकेरीत लिहितो, राग मानू नकोस.

आधी तो दबलेला स्वर पाहू. हॉर्नची बेल, म्हणजे कर्ण्यासारखे पसरट तोंड, मागच्या बाजूला असते आणि तिच्यात आपला उजवा हात असतो, त्यामुळे श्रोत्यांपर्यंत जाणारा आवाज बराचसा मागच्या भिंतीवर आपटून जातो, आणि वाजवणाऱ्याला स्वतःचा आवाज नेहमीच निराळा ऐकू येतो. मी नवा होतो तेव्हा आमच्या तालमीच्या खोलीत माझ्या खुर्चीमागे घड्या घातलेल्या घोंगड्यांची चवड असायची, आणि महिनाभर मी आपला दम कमी पडतो असे समजून जोर लावत राहिलो. एके दिवशी उस्तादांनी काही न बोलता माझी खुर्ची उचलून कोऱ्या भिंतीपुढे ठेवली आणि तोच स्वर पुन्हा वाजवायला लावला, तेव्हा माझे मलाच नवल वाटले. तेव्हा तू कुठे बसतोस, मागे पडदा आहे की भिंत, हे आधी बघ. स्वतःचा आवाज तपासायचा असेल तर मोबाइल आठ-दहा फूट लांब ठेवून मुद्रण कर आणि त्याचीच तुलना त्या मोठ्या वादकांशी कर.

दुसरे असे की तू ज्या तिघांची नावे घेतलीस त्यांच्या हातातली वाद्येच वेगळी आहेत. व्हिएन्नाचे वादक आजही एफ स्वराचा एकेरी हॉर्न वापरतात, ज्याची नळी सुमारे १२ फुटांची असते आणि व्हॉल्व्हही (बोटांनी चालवायच्या झडपा) निराळ्या घडणीचे असतात. त्या मोझार्टच्या मुद्रणात ब्रेन यांच्याकडे बी-फ्लॅटचे वाद्य होते, म्हणजे सुमारे ९ फुटांची नळी. आजच्या बहुतेक वाद्यवृंदांत या दोन्ही नळ्या एकत्र असलेला डबल हॉर्न चालतो. त्यामुळे आवाजाचा रंग उचलायला जाऊ नकोस, तो तुझ्या वाद्यातून हुबेहूब निघणारच नाही. स्वर उमटतो कसा, मध्ये सरळ राहतो का आणि संपताना कुठे सोडला जातो, एवढे तीन क्षण ऐक. एकाच वादकाच्या चार मात्रा घे आणि आठवडाभर त्याच ऐक. दिवसभर दहा जणांना ऐकण्यापेक्षा याने तुझे काम लवकर होईल.

पुण्यात स्थायिक, माहेर नागपूर

काकांनी सांगितलेले सर्व पटले. त्यात एवढेच जोडते की शक्य असेल तेव्हा प्रत्यक्ष ऐकावे. मुंबईच्या एनसीपीएमध्ये (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, त्याची स्थापना २००६ सालची. विद्यार्थिदशेत मी विदर्भ एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून तिथे गेले होते. हॉर्नवादक विश्रांतीच्या मात्रांत वाद्य गोल फिरवून आतले पाणी काढतात, स्वर लावण्याआधी कितीतरी वेळ श्वास घेऊन तयार असतात, आणि दमणूक होऊ नये म्हणून मुख्य वादकाचे काही भाग शेजारचा वादक उचलतो, हे सगळे मी तिथे पहिल्यांदा पाहिले. त्या रात्री एक स्वर फुटलाही, आणि पुढचा स्वर जणू काही झालेच नाही असा स्वच्छ आला. हॉर्नचे वरचे नैसर्गिक स्वर (एकाच नळीतून फक्त ओठांनी निघणारे) एकमेकांना इतके लागून असतात की ओठ किंचित ढळला तरी शेजारचा स्वर लागतो. मुद्रणांमध्ये असे तुकडे बदलून घेता येतात, त्यामुळे केवळ मुद्रणे ऐकणाऱ्या विद्यार्थ्याला फुटलेला स्वर हा फक्त आपलाच दोष वाटतो. मला कित्येक वर्षे तसेच वाटत होते.

चायकोव्स्कींच्या पाचव्या सिम्फनीच्या दुसऱ्या भागातील हॉर्नची एकल धून तीन-चार वादकांची ऐका आणि प्रत्येकाने श्वास कुठे घेतला आहे तेवढेच स्वरलिपीवर पेन्सिलीने टिपा.

महालमधील गायनाचा विद्यार्थी

मला हॉर्न येत नाही, पण आमच्याकडे गुरुजी आधी ऐकवतात, मग म्हणवून घेतात. आपणही ऐकलेला तुकडा आधी गाऊन पाहावा, असे सुचवतो. एफ हॉर्नवर लिहिलेला सी वाजवला की हार्मोनियमच्या पांढरी चारचा स्वर येतो ना? मग पांढरी चारचा तानपुरा लावून ओळ गळ्यात बसली की मगच वाद्य उचलावे.

कामठीचा निवृत्त बॅण्डवादक

हे अगदी योग्य सांगितले. मात्र मुद्रणाबरोबर वाजवायचे असेल तर मे महिन्यात जपून. आपल्याकडच्या उकाड्यात हवा तापली की पितळी वाद्याचा स्वर चढतो, तेव्हा मुख्य स्लाइड (नळीची लांबी कमी-जास्त करणारा सरकता भाग) थोडी बाहेर ओढून घ्यावी. ओठ ढिले सोडून स्वर खाली आणण्याची सवय लागली की ती पावसाळ्यातही सुटत नाही.

धरमपेठचा विद्यार्थी

काका, ताई आणि दादा, तिघांचेही मनापासून आभार. माझ्या खुर्चीमागे खरोखरच कपड्यांनी भरलेली दोरी होती. काल ती काढली, मोबाइल खोलीच्या दुसऱ्या टोकाला फळीवर ठेवला आणि मोझार्टच्या चौथ्या कॉन्चेर्टोच्या शेवटच्या भागातल्या पहिल्या चार मात्रा वाजवल्या. आवाज मला वाटत होता तितका दबलेला नाही, पण माझा प्रत्येक स्वर किंचित उशिरा उमटतो आहे. ब्रेन यांचा स्वर श्वासाबरोबरच सुरू होतो आणि माझ्या स्वराआधी हवेचा फुस्स असा आवाज येतो. दोन वर्षांत हे मला एकदाही ऐकू आले नव्हते. या आठवड्यात फक्त तेवढ्यावरच काम करतो आणि पुढच्या रविवारी इथेच कळवतो.