मदत हवी आहे: 'माधव'चा खरा अर्थ कोणता? (आणि आजेसासूबाईंना काय सांगू?)

नवखी_आई
बाळाचं नाव माधव ठेवायचं जवळजवळ पक्कं होतं. घरात सहज अर्थाचा विषय काढला आणि तिथेच फसले. सासरे म्हणतात, मा म्हणजे लक्ष्मी, धव म्हणजे पती, म्हणून विष्णू. माझ्या बाबांच्या मते मधू दैत्याला मारलं म्हणून माधव. नणंदेला कुठेतरी 'वसंत ऋतू' सापडला. इथवर ठीक होतं, पण आजेसासूबाईंनी वेगळंच काढलं: "पेशव्यांकडे दोन माधवराव झाले, दोघंही अकाली गेले. आणि विधवेतला धव पोराच्या नावात कशाला?" त्यांच्यापुढे बोलायची कुणाची छाती नाही.

जाणकारांनी सांगावं, खरा अर्थ कोणता? आणि भरपूर जगलेले माधव कुणाला आठवतात का? (प्रश्न बावळट आहे, कल्पना आहे.)

शब्दवेडा
बाबांचा मुद्दा आधी निकालात काढतो. मधू दैत्याला मारणारा तो मधुसूदन. माधव म्हणजे मधूच्या कुळातला. रघूचा राघव, यदूचा यादव, पांडूचा पांडव, तसा मधूचा माधव. हा मधू यदुवंशातला राजा, कृष्णाचा पूर्वज. गीतेच्या पहिल्या अध्यायात 'माधवः पाण्डवश्चैव' शंख फुंकतात ना, ते दोन्ही शब्द एकाच साच्यातले.

नणंदबाईही बरोबर. वैदिक काळात वसंताच्या दोन महिन्यांना मधु आणि माधव म्हणत, म्हणजे आपले चैत्र-वैशाख.

सासऱ्यांचा अर्थही परंपरेतलाच. विष्णुसहस्रनामात माधव हे नाव तीनदा येतं. पुनरुक्ती वाटू नये म्हणून शांकरभाष्यात एकदा लक्ष्मीचा पती, एकदा विद्येचा स्वामी आणि एकदा मधुकुळात जन्मलेला, असे तीन अर्थ दिलेत. तुमच्या घरातलं भांडण बरंच जुनं आहे!

राहिला 'धव'. विधवा हा मुळात अखंड आणि फार प्राचीन शब्द, लॅटिनमधलं 'विदुआ' त्याचं भावंड. पुढे लोकांनी त्याची वि + धव अशी फोड केली आणि त्यातून 'धव' म्हणजे नवरा हा शब्द निघाला. मधूवरून झालेल्या माधवचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. आजींना हे पटवणं मात्र तुमच्याकडे.

कोपऱ्यातला
घरात कुणी संध्या करत असेल तर आचमनातलं तिसरं नाव माधवच आहे. आजींना एवढंच सांगा.

नवखी_आई
राघव-यादव ऐकून सासरे खूश, बाबा जरा गप्प. आजी मात्र आयुष्यावरच अडून बसल्यात.

तिसरी_स्लिप
मग आमच्या खात्यातून घ्या. माधव मंत्री, यष्टीरक्षक, सुनील गावसकरांचे मामा, १९२१ ते २०१४, म्हणजे ९२ वर्षं. माधव आपटे १९३२ ते २०१९. आपटे फक्त सात कसोट्या खेळले, सरासरी ४९.२७. १९५३ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला नाबाद १६३ काढल्या, आणि त्या दौऱ्यानंतर पुन्हा कसोटी नाही. का, ते विचारू नका, माझा रक्तदाब वाढतो. विषयांतराबद्दल क्षमस्व.

बखरवाचक
आजींचा हिशोब चुकलेला नाही. थोरले माधवराव २७व्या वर्षी थेऊरला गेले, सवाई माधवराव २१व्या. पण थोरल्यांना क्षय होता, त्यात नावाचा काय दोष? आणि पानिपतानंतर सोळाव्या वर्षी पेशवेपद घेऊन अकरा वर्षांत त्या माणसाने मोडलेलं राज्य उभं केलं. मी तर म्हणेन त्यांच्यासाठीच हे नाव ठेवा.

तरी वयच हवं असेल तर लोकनायक माधव श्रीहरी अणे, १८८० ते १९६८. कवी माधव जूलियन ४५व्या वर्षी गेले, ते आजींना सांगू नका. न्या. रानडेही यादीत घालू नका. लोक त्यांना माधवराव म्हणत, पण नाव महादेव. मध्वाचार्यही वेगळे, ते मध्व.

माझा लाडका माधव केरळातला, चौदाव्या शतकातला गणिती संगमग्राम माधव. वर्तुळाच्या परिघासाठी त्याने अनंत श्रेणी (कधीच न संपणारी बेरीज) मांडली, जर्मन गणिती लायब्निझच्या तीनेक शतकं आधी.

काढेवाला
आयुर्वेदात रोग ओळखायचा तर माधवकराचा 'माधवनिदान' हा ग्रंथ. म्हणच आहे, 'निदाने माधवः श्रेष्ठः'. ज्याच्या नावाने आजार ओळखतात ते नाव अल्पायुषी कसं?

नवखी_आई
काढेवाले, तुमचं वाक्य मी आजींना मोठ्याने वाचून दाखवलं. दोन मिनिटं काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ठेवा बाई. पण शाळेत त्याला माध्या म्हणतील, त्याचं काय?"

आता यावर कुणाकडे काही आहे का?