छोट्या सुरीच्या चामडी म्यानाचे टाके धारेने कापले जातात, उपाय काय?

प्रश्न

माझ्याकडे 9 सेंटिमीटर पात्याची, न मिटणारी छोटी सुरी आहे. तिच्यासाठी मी एका जुन्या पर्सचे चामडे दुमडून, धारेच्या बाजूने शिवून घरीच म्यान केले. दिसायला ते बरे झाले. परंतु आठवडाभरात टोकाजवळचे चार टाके आतून कापले गेले, आणि म्यान उलटे धरले की सुरी घसरून खाली पडते. चामडे इतके मऊ आहे की सुरी आत घालताना म्यानाचे तोंड मिटते, आणि परवा तर पात्याचे टोक चामड्यातून आरपार येऊन माझ्या तळहाताला लागले. अधिक जाड दोरा वापरल्यास भागेल, की मुळातच काही चुकले आहे?

उत्तर 1

दोरा कितीही जाड घेतला तरी तो कापला जाणारच, कारण आपल्या म्यानात धार थेट टाक्यांवर टेकते. दोन्ही थरांच्या मध्ये, धारेच्या बाजूने तोंडापासून टोकापर्यंत, चामड्याचीच एक पट्टी घालावी लागते. ती साधारण 10 मिलिमीटर रुंद आणि पात्याच्या पाठीइतकी जाड असली, म्हणजे धार पट्टीच्या आतल्या कडेवर विसावते आणि टाके त्या कडेपासून सुरक्षित अंतरावर राहतात. म्यान बेतताना आधी जाड कागदावर सुरी ठेवून तिची आकृती काढावी, पाठीच्या बाजूने सुरी उलटवून दुसरी आकृती काढावी आणि पात्याची जाडी व पट्टीची रुंदी धरून मगच बाहेरची रेघ आखावी. माझी पहिली दोन म्याने केवळ जाडी धरायला विसरल्यामुळे वाया गेली.

उत्तर 2

पट्टीविषयी वर लिहिले आहे ते योग्यच आहे; पण चामडे बदलल्याशिवाय तोंड मिटण्याचा त्रास जाणार नाही. पर्स आणि जॅकेट यांचे चामडे बहुधा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते. ते मऊ राहते आणि ओले करून दिलेला आकार धरत नाही. म्यानासाठी झाडांच्या सालीतील टॅनिनने कमावलेले, सुमारे 3 मिलिमीटर जाडीचे चामडे घ्यावे. शिवण पूर्ण झाल्यावर म्यान कोमट पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत भिजवावे, सुरी पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आत घालावी आणि मूठ जिथे संपून पाते सुरू होते तिथे अंगठ्याने चामडे दाबत राहावे. तेथे जो खळगा उमटतो, तोच पुढे सुरी धरून ठेवतो. यासाठी मुठीचा निदान तिसरा हिस्सा म्यानात जाईल असे आधीच बेतलेले असावे. प्लॅस्टिक गुंडाळण्याचा आळस करू नये: ओल्या चामड्यातील टॅनिन आणि पोलादातील लोह एकत्र आले की काळे डाग पडतात आणि ते निघत नाहीत. नंतर सावलीत पूर्ण दिवसभर वाळू द्यावे. घाईने आचेजवळ धरल्यास चामडे आक्रसते आणि ठिसूळ होते.

उत्तर 3

शिवणीविषयी थोडे. पट्टी आणि थर दोन्ही बाजूंनी रबरी गोंद लावून, तो बोटाला चिकटेनासा झाल्यावरच एकमेकांवर दाबावेत, आणि मग आरीने 4 मिलिमीटर अंतरावर भोके पाडावीत. आरी तिरकी गेली की मागच्या बाजूची रांग नागमोडी होते, म्हणून ती काटकोनात धरण्याकडेच सगळे लक्ष द्यावे. मेण लावलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवून, प्रत्येक भोकातून दोन्ही सुया विरुद्ध दिशांनी काढाव्यात. पुढे एखादा टाका तुटला तरी यंत्राच्या शिवणीसारखी सगळी रांग उसवत जात नाही. दोरा शिवणीच्या किमान चौपट लांब घ्यावा. तीन थरांत तो पटापट संपतो. मात्र म्यान कितीही नीट झाले तरी सुरी महिनोन्‌महिने त्यातच ठेवू नये. चामडे दमट हवेतील ओलावा शोषून घेते आणि साध्या कार्बन पोलादाच्या पात्याला आतल्या आत गंज चढतो.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे आभार. जुने म्यान उसवून पाहिले, तेव्हा चामड्याची कापलेली कड निळसर करडी निघाली, म्हणजे ते क्रोमचेच असावे. आता ते चामडे बाजूला ठेवून नव्याने कागदावर बेतले आहे, आणि या वेळी पात्याची जाडी धरली आहे. सुरी साध्या कार्बन पोलादाचीच असल्यामुळे घरी ती म्यानाबाहेर, तेलाचा हात फिरवून ठेवीन.