वाकडचा फ्लॅट, मालक म्हणतो आधी गेटपासचे पैसे भरा मग दाखवतो

शेंगाचटणी: नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात हिंजवडीत जॉइन होतेय, मी आणि मैत्रीण मिळून वाकडला टू बीएचके शोधतोय. ब्रोकर एक महिन्याचं भाडं मागतात म्हणून फेसबुकवरचे डायरेक्ट ओनरवाले ग्रुप बघितले तर एक भारी फ्लॅट मिळाला, फुल फर्निश्ड, भाडं १६ हजार, डिपॉझिट फक्त ३० हजार. मालक म्हणे सीआयएसएफमध्ये आहे, बदली झालीय म्हणून देतोय. न मागताच आयकार्ड आणि आधारचा फोटो पाठवला. पण फ्लॅट बघायला सोसायटीचा गेटपास लागतो, त्याचे ५ हजार आधी भरा, नंतर भाड्यात वळते करू म्हणतो. बोलायला सभ्य वाटला पण पप्पांना पटत नाहीये. सोलापुरात बसून काय काय तपासता येईल?

पिंपरीचा_पक्या: ताई एक रुपया पण पाठवू नका, पप्पांचं ऐका!! वाकडला फुल फर्निश्ड टू बीएचके १६ हजारात मिळत असेल तर आम्ही पण येतो राहायला 😂 आर्मी-सीआयएसएफवाला मालक हा फार जुना प्रकार आहे, वर्दी बघून आपण प्रश्न विचारत नाही ना, म्हणून. ते आयकार्ड बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाचं तरी असतं, आणि तुम्ही तुमचं आधार पाठवलं की पुढच्या गिऱ्हाईकाला ते दाखवणार, त्यामुळे ते पण पाठवू नका. फ्लॅट बघायला गेटपासची फी कुठल्याच सोसायटीत नसते, वॉचमन रजिस्टरमध्ये नाव लिहून घेतो आणि मालकाला फोन लावतो, संपलं. ५ हजार गेले की पुढे म्हणणार आमच्या खात्याची सिस्टीम वेगळी आहे, हा क्यूआर स्कॅन करा म्हणजे पैसे परत येतील. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागतच नाही, पिन टाकला म्हणजे तुमचेच गेले. फोटो गुगल लेन्सवर टाकून बघा, दुसऱ्याच शहराच्या जाहिरातीत सापडतील.

कोथरूडची_काकू: मी स्वतः फ्लॅट भाड्याने देते म्हणून मालकाच्या बाजूने सांगते. खऱ्या मालकाला कागद मागितल्याचा राग येत नाही, आम्ही पण तुमचे मागतोच की. इंडेक्स टू (फ्लॅटच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा), महापालिकेची टॅक्स पावती आणि सोसायटीचं मेंटेनन्स बिल मागा, तिन्हीवर एकच नाव हवं आणि डिपॉझिट त्याच नावाच्या खात्यात जायला हवं. इंडेक्स टू नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साइटवर घरबसल्या शोधता येतो. लाईट बिलावर मात्र फार विसंबू नका, कितीतरी फ्लॅटचं बिल अजून बिल्डरच्याच नावावर येतं. मालक परदेशात आहे आणि भाचा व्यवहार बघतो असं असेल तर कुलमुखत्यारपत्र बघा आणि मालकाशी व्हिडिओ कॉलवर बोला. सेक्रेटरीला एक फोन करा, त्यांना सगळं माहीत असतं (नको तेवढं पण).

मीरारोडकर: ऑनलाइनवाला चोर तरी लवकर कळतो हो, पण इकडे आमच्याकडे हेवी डिपॉझिटवाले (महिन्याच्या भाड्याऐवजी एकदम मोठं डिपॉझिट घेणारे) असतात ते जास्त डेंजर. फ्लॅट खरा, किल्ली खरी, माणूस समोर बसलेला, फक्त तो मालक नसतो, स्वतःच भाडेकरू असतो आणि मालक म्हणून तुमच्याकडनं काही लाख घेऊन गायब होतो. आमच्या ऑफिसमधल्या एकाकडे खरा मालक भाडं मागायला आला तेव्हा कळलं. त्यामुळे फ्लॅट डोळ्यांनी बघितला म्हणजे झालं असं समजू नका.

शेंगाचटणी: बाप रे. मग अॅग्रीमेंट नोटरी करून घेतलं तर सेफ ना? ११ महिन्यांचं चालतं म्हणतात.

मीरारोडकर: नाही ना, ११ महिने असो की ३६, महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्स (म्हणजे हाच भाडेकरार) रजिस्टरच करावं लागतं, भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५. जबाबदारी मालकाची, नाही केलं तर त्याला ३ महिन्यांपर्यंत कैद नाहीतर ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हल्ली एजंट मशीन घेऊन घरी येतो, दोघांचे आधार आणि अंगठे घेतो. जो मालक अंगठा द्यायला टाळतो तिथून निघा. पण अंगठा जुळला म्हणजे माणूस तोच आहे एवढंच कळतं, फ्लॅट त्याचा आहे हे त्यातनं कळत नाही, त्याला काकूंचा इंडेक्स टूच लागणार.

शेंगाचटणी: अपडेट. मैत्रिणीचा मामेभाऊ वाकडलाच राहतो, तो आत्ता सोसायटीत येतो आणि गेटवर पैसे देतो असं त्या मालकाला मेसेज केला. आधी म्हणाला आज सुट्टी नाही, मग ऑडिओ कॉलवर ओरडला की फौजीवर विश्वास नाही का, आणि आता ब्लॉक 😅

पिंपरीचा_पक्या: सुटलात! पैसे गेले असते तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करावा लागला असता. आता तो नंबर दूरसंचार विभागाच्या संचार साथी साइटवर चक्षू म्हणून तक्रारीची सोय आहे तिथे टाका, ग्रुपच्या अॅडमिनला पण स्क्रीनशॉट द्या. आणि बजेट थोडं वाढवणार असाल तर पिंपळे निलखला आमच्या बिल्डिंगमध्ये एक रिकामा होतोय, मालक खालच्याच मजल्यावर राहतात, व्यनि (खासगी मेसेज) करा.