मदत हवी आहे : ऋतूप्रमाणे पंखांवरचे डोळे पुसणारे फुलपाखरू

नमस्कार. भंडारा जिल्ह्यातील आमच्या गावी धानाच्या बांधीलगत पावसाळ्यात दिसणाऱ्या ईव्हनिंग ब्राऊन फुलपाखराच्या मिटलेल्या पंखांवर पिवळ्या कड्यांचे ठळक डोळे, म्हणजे डोळ्यांसारखे ठिपके, असतात. मात्र हिवाळ्यात मोहाच्या पाचोळ्यात बसणाऱ्या त्याच जातीच्या पुढील पिढीचे डोळे जवळजवळ पुसलेले असतात आणि पंख इतके हुबेहूब वाळक्या पानासारखे, की पाय पडेपर्यंत ते ओळखू येत नाही. (माझी दोनदा फसगत झाली आहे.) हे ऋतुरूप अळीच्या वाढीच्या काळातील तापमानाशी निगडित असते, एवढे मला ठाऊक आहे. धानाच्या पानांवरील अळ्या काही रांजणाजवळच्या गारव्यात आणि काही टिनाच्या छपराखालील उबेत वाढवल्यास शाळेतील मुलांना हा फरक दाखवता येईल का? अळ्या कोणत्या महिन्यात गोळा कराव्यात, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.