लाळ सुटणे, गळणे, गाळणे: कुत्र्याचं नेमकं काय होतं?

लॅबवाला: आमच्या लॅब्रॅडॉरच्या तोंडून परवापासून सारखी लाळ येतेय. डॉक्टरांना फोनवर ‘लाळ सुटलीय’ म्हटलं, तर त्यांनी विचारलं, ‘सुटलीय की गळतेय?’ दोन्ही एकच ना? आणि ‘अतिलाळ’ असा शब्द आहे का?

शब्दकिडा: एकच कसं? सुटते ती तोंडाच्या आत, गळते ती बाहेर. खाऊ दिसला की सुटते. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हने कुत्र्यांवर अभ्यासली ती हीच. ‘गाळणे’ मात्र जपून वापरा. त्यात हाव आली. आजारी कुत्रा लाळ गाळत नाही, त्याची लाळ गळते. ‘घोटणे’ तर आता खुशामतखोरांनाच देऊन टाकलंय. ‘अतिलाळ’ बोलण्यात ऐकला नाही. ‘अतिलालास्राव’ रिपोर्टात शोभेल, घरात ‘फार लाळ गळते’ पुरे.

जनावरांचा डॉक्टर: डॉक्टरांनी बरोबर तेच विचारलं. कुत्रा लाळ सतत गिळत असतो, म्हणून एरवी दिसत नाही. गिळणं अडलं की नेहमीइतकीच लाळही बाहेर येते: दाढेत हाडाचा तुकडा अडकला, हिरडी सुजली, घशाशी काही रुतलं. याउलट गाडीत मळमळलं, गोचिडाचं औषध अंगावरून चाटलं किंवा पावसाळ्यात खरखरीत कातडीचा बेडूक तोंडात धरला, तर लाळ खरोखरच जास्त सुटते. औषध चाटलं असेल आणि सोबत उलट्या, थरथर असेल, तर शब्द शोधत बसू नका, कुत्रा उचला आणि दवाखाना गाठा. सेंट बर्नार्ड, मास्टिफ या जातींचे ओठच लोंबते. त्यांना जन्मभर लाळेरं लागतं, तो आजार नव्हे.

गोठ्यावरून: आमच्याकडे कुणाच्याही तोंडाला लाळ दिसली की ‘लाळ्या झाला’ म्हणतात. लाळ्या-खुरकूत हा रोग दुभंगलेल्या खुरांच्या जनावरांचा, गाई-म्हशी-शेळ्यांचा. कुत्र्याला तो शब्द लावू नये. पण ‘फेस येणे’ आणि ‘लाळ गळणे’ यात फरक काय?

जनावरांचा डॉक्टर: लाळ हवेने घुसळली की फेस. झटका आला, फार धाप लागली की होतो. लोक फेस म्हटलं की पिसाळलेलाच समजतात, तसं नाही. पण पिसाळलेल्या कुत्र्याचे घशाचे स्नायू लुळे पडतात, गिळता येत नाही, कधी जबडाच लोंबतो. बघणाऱ्याला वाटतं हाड अडकलंय, आणि तो आत बोटं घालतो. रेबीजचा विषाणू लाळेतच असतो. हाताला साधा ओरखडा असला तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस घ्यायची.

लॅबवाला: आमच्याची डावीकडूनच गळतेय, आणि बिस्किट मान वाकडी करून उजव्या दाढेनं चावतो. रेबीजची लस वेळेवर झालीय.

जनावरांचा डॉक्टर: मग बहुधा दात. तरी घरी तोंड उघडू नका, दुखत असेल तर चावेल. आजच दाखवा, आणि ‘एका बाजूनं गळते’ हे आधी सांगा.